एक वाजायला पाच कमी

आमच्या ऑफिसात मला ‘साडापांच बेन’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे रागवायचीही सोय नाही.

सुरतजवळच्या सचिन गावात कापड रंगवण्या-छापण्याची एक मिल आहे. तिथले कॉम्प्युटर आणि मेल मी बघते. आमचा मेलचा सर्व्हर भाड्याचा आहे, कुठल्या तरी परदेशात बसलेला. आलेला-गेलेला प्रत्येक मेल कुणाचा, कुणाला, किती वाजता, याची एक ओळ तो आपल्यापाशी लिहून ठेवतो. त्या ओळींना लॉग म्हणतात. मात्र हा बाबा वेळ लिहितो ग्रीनिचची. आपली वेळ काढायची तर त्यात साडेपाच तास मिळवायचे. एकदा शेठने एका पार्टीशी भांडण झालं म्हणून लॉगचा कागद मागवला आणि बघताच कपाळाला आठ्या घातल्या. त्यांनी सकाळी अकराला पाठवलेला मेल कागदावर साडेपाचचा दिसत होता. “सवारे साडा पांच वागे तो हुं ऊंघतो होउं! मेल कोण करे छे?” पहाटे साडेपाचला ते झोपलेले असतात म्हणे. मी समजावलं, पृथ्वी गोल आहे इथपासून. शेवटी ते म्हणाले, बरं, तुम्ही साडेपाच मिळवून देत जा, मला गोल पृथ्वी नको. तेव्हापासून मी साडापांच बेन.

घरी वेळेचा दुसरा घोळ. आमचं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. ते नवऱ्याचं काम. पुढे असलं की माणूस घाई करतो, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणते, घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की ते दहा मिनिटं पुढे आहे, प्रत्येकजण मनात दहा वजा करतो, मग उपयोग काय? ते म्हणतात, तरी घाई होतेच ना. या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि भिंतीवर आधीच ते घड्याळ.

ते इच्छापोरला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहेत. कारखान्यात फोन न्यायला बंदी. गेटवर केबिन आहे, तिथे भिंतीला लाकडी खण केलेत. फोन खणात ठेवायचा, बिल्ला घ्यायचा आणि आत जायचं. त्यामुळे सकाळी सहाच्या कंपनीच्या बसने गेलेला माणूस दुपारी बाहेर येईपर्यंत आमच्यासाठी नसल्यासारखाच. फारच नडलं तर लॅबच्या कॉम्प्युटरवरून माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर मेल करतात, तोही वर्षातून चार-दोनदा. लग्न झाल्यापासून ही सवय होती, म्हणून त्यात कधी भीती वाटली नाही.

थंडीचे दिवस होते. त्या सकाळी डिस्पॅचच्या प्रिंटरने रडगाणं लावलं होतं. पार्टीच्या गाठोड्यांवर लावायच्या चिठ्ठ्या अर्ध्याच छापून येत होत्या आणि ट्रकवाला खाली उभा राहून हॉर्न मारत होता. मी साडेनऊपासून तिथेच अडकले. माझ्या टेबलावर परत आले तेव्हा जेवायची वेळ होऊन गेली होती. डबा काढला आणि शेजारच्या टेबलावरची बेन आपला फोन घेऊन आली. ती कापड-खरेदीचं काम बघते, सुरतचीच आहे, आणि एरवी तिच्या तोंडाला खंड नसतो. आता ती हळू बोलली.

“बेन, आ तमारा एमनी कंपनी नथी ने?”

फोनवर व्हिडिओ होता. कुणीतरी हजिऱ्याच्या रस्त्यावरून चालत्या गाडीतून काढलेला. आधी नुसता काळा धूर दिसला, मग धुराच्या खालचं गेट. त्या गेटवरची पाटी मी ओळखते, कारण दिवाळीच्या कार्यक्रमाला त्याच पाटीखाली आमचा फोटो काढलाय. व्हिडिओखाली लिहिलं होतं की सव्वाबाराला मोठा आवाज झाला आणि आग लागली.

मी त्यांना फोन लावला. वाजत राहिला. अर्थात वाजणारच, तो खणात होता. हे मला माहीत होतं आणि तरी मी पुन्हा लावला. कंपनीचा नंबर लावला, तो लागेना. मला स्पष्ट आठवतं, मी मनात एकच वाक्य म्हणत होते की ते लॅबमध्ये असतात, लॅब वेगळ्या इमारतीत आहे. ती इमारत धुराच्या कुठल्या बाजूला आहे हे मात्र मला आठवेना.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. आम्ही उधन्याला राहतो, त्या दिवसभर घरी एकट्या. सासरे खानदेशातून मागावर काम करायला आले तेव्हा त्याही आल्या, आणि इतकी वर्षं सुरतेत काढूनही त्या अहिराणी सोडून दुसरं बोलत नाहीत. त्यांचं हृदय नाजूक आहे. मागच्या वर्षी दवाखान्यात राहून आल्या, डॉक्टरने धक्क्याची कुठलीही गोष्ट सांभाळून सांगा म्हणून बजावलंय.

“काय व्हयनं वं? टीव्हीवर धुवाडा दखाडी राह्यनात. मना पोऱ्या बरा शे ना?”

“आई, मी बघते, दोन मिनिटांत सांगते,” एवढंच मला जमलं.

फोन ठेवून मी मेल उघडला. का उघडला ते सांगता येणार नाही. हात त्याच कामाला सरावलेले आहेत म्हणून असेल. यादीत सगळ्यात वर त्यांचं नाव होतं.

‘आज यायला उशीर होईल. वाट पाहू नका, जेवून घ्या.’

आणि बाजूला वेळ, बारा पंचावन्न.

एक वाजायला पाच कमी. आग सव्वाबाराला लागली होती. म्हणजे आग लागल्यानंतर माणूस कॉम्प्युटरसमोर बसलाय, बोटं चालवतोय, आणि नेहमीसारखा दोन ओळींत आटोपतोय. उशीर होईल, कारण आता पोलीस येणार, पंचनामा होणार. जेवून घ्या, कारण आम्ही काळजी करत बसू हे त्याला ठाऊक आहे. मी हुंदका देऊन रडले आणि त्याच दमात चिडले. एवढी आग लागली आणि या माणसाला ‘मी बरा आहे’ हे तीन शब्द सुचू नयेत?

मी सासूबाईंना फोन केला. त्यांचा मेल आलाय, आग लागल्यानंतरचा आहे, एकला पाच कमी असताना पाठवलाय, असं घड्याळासकट सांगितलं. पलीकडे त्यांनी देवाचं नाव घेतलं. मग म्हणाल्या, “मंग मी जेवी लेस. तू बी जेवी ले.” त्यांचा आवाज इतका मोकळा झाला की मलाही भूक लागल्यासारखं वाटलं.

शेजारची बेन पाण्याचा ग्लास घेऊन उभीच होती. तीही हसली. आणि अगदी सहज, चांगल्या मनाने बोलली, “आग लागी छे तोय इंटरनेट चाले छे? सारुं केवाय.”

मी ग्लास हातात घेतला होता, तो तसाच राहिला. कारण आग लागली की पहिलं काम वीज तोडायचं. हे तर आमच्या मिलमध्येही भिंतीवर लिहिलेलं आहे. वीज तोडल्यावर चाळीस मिनिटांनी लॅबचा कॉम्प्युटर चालू कसा?

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मेलवर दिसणारी वेळ ही पाठवणाऱ्याच्या मशीनने घातलेली असते. पत्र लिहिणाऱ्याने वर तारीख घालावी तशी. ती खरी असेलच असं नाही. टपाल ऑफिसचा शिक्का वेगळा असतो, आणि आमच्याकडे तो शिक्का म्हणजे लॉग. मेल आमच्या सर्व्हरच्या दारात किती वाजता आला हे लॉग सांगतो, आणि लॉग चुकीचं सांगत नाही. फक्त साडेपाच मिळवायचे.

मी लॉग उघडला, त्यांचा पत्ता शोधला. त्या दिवसाची एकच ओळ होती. वेळ, एक पंचावन्न.

एक पंचावन्न ग्रीनिच. साडेपाच मिळवले. सात पंचवीस. मी बोटांवर पुन्हा मिळवले, पहिलीतल्या मुलीसारखे. सात पंचवीस, सकाळचे. मेल सकाळी सात पंचवीसला आला होता, ते कामावर पोचल्या पोचल्या. मी अजून घरात केस विंचरत होते तेव्हाचा. त्यातला उशीर म्हणजे काहीतरी कामाचा उशीर होता, आगीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

आणि मग मला आठवलं. आठवडाभरापूर्वी लॅबमध्ये विलायतेहून नवं मशीन आलं होतं, सोबत त्याचा कॉम्प्युटर. स्वारी खुशीत होती. रात्री ताटावर बसून सांगत होते, “त्याचं घड्याळ पार चुकीचं होतं. आपले बारा तर त्याचे साडेसहा. मी बरोबर करून टाकलं.” मी भाकरी थापत होते, हो म्हटलं. आजचा मेल त्याच कॉम्प्युटरवरून आला असणार. आता त्या ‘बरोबर करून टाकलं’चा अर्थ लागला. त्या कॉम्प्युटरला तू कुठल्या देशात आहेस हे सांगायला हवं होतं, मग त्याने वेळ आपोआप बदलली असती. या माणसाने ते केलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे फिरवतात तसे त्याचे काटे फिरवले. घड्याळात सुरतचे सात पंचवीस आणि मशीन मनाने अजून विलायतेत. ते बिचारं जगाला सांगतंय की इथे ग्रीनिचचे सात पंचवीस झालेत, आणि माझा मेल शहाण्यासारखा त्यात साडेपाच मिळवून मला सांगतोय, बारा पंचावन्न.

साडेपाच. माझंच साडेपाच, मलाच येऊन खाल्लं त्याने.

म्हणजे हातात काहीच नव्हतं. आग लागल्यानंतर त्यांनी काही लिहिलेलं नव्हतं. ‘वाट पाहू नका’ हे त्यांचे शेवटचे शब्द असू शकत होते. ही गोष्ट त्या क्षणी जगात फक्त मला माहीत होती, आणि उधन्याला एक म्हातारी बाई पोटभर जेवत होती. खुर्चीतून उठताना मी टेबलाला धरलं होतं हे मला बेनने नंतर सांगितलं.

रिक्षा केली. सचिन ते इच्छापोर म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला. मगदल्ल्याच्या पुलावर चढलो तेव्हा नदीपलीकडे धूर दिसला. व्हिडिओत तो बोटभर होता, इथे त्याने अर्धं आभाळ खाल्लं होतं. मी त्यांना मनातल्या मनात शिव्या देत होते. काटे कशाला फिरवायचे? कोणी सांगितलं होतं? घरचं घड्याळ पुरलं नाही? शिव्या संपल्या की भीती यायची, म्हणून मी नव्याने सुरू करायची. देवाचं नाव त्यात किती वेळा आलं आणि शिवी किती वेळा, याचा हिशेब माझ्यापाशी नाही. रिक्षावाल्याने एकदा आरशातून बघितलं आणि गाणं बंद केलं.

पुलावरून उतरताना सासूबाईंचा पुन्हा फोन आला. “जेवनी का तू?”

“हो आई, जेवले.”

“तो उना की माले फोन कर. काय घाई नही. उशीर व्हई म्हने ना तो.”

“हो आई.”

मी सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? दोघी घाबरलो असतो, एवढंच. पण एकटीने घाबरणं काय असतं ते मला त्या रस्त्यावर कळलं. कुणी तरी सोबत घाबरलेलं असलं की निदान एकमेकींना धीर तरी देता येतो. इथे मी सासूबाईंना दिलेला धीर खोटा होता आणि तोच त्या मला परत देत होत्या.

गेटपासून बरंच अलीकडे पोलिसांनी रस्ता अडवला होता. मी चालत गेले. डोळे चुरचुरत होते, घशात कडू चव होती. अग्निशमनाच्या गाड्या आत-बाहेर करत होत्या. गेटसमोर आमच्यासारखीच माणसं, बहुतेक बायका, काही म्हातारे. सगळ्यांच्या कानाला फोन. सिक्युरिटीवाला दोन्ही हात पसरून एकच सांगत होता, “पीछे हटिये, अंदर से अभी कोई खबर नहीं है.”

आणि मग मला तो आवाज ऐकू आला. केबिनच्या उघड्या खिडकीतून. आत भिंतीवरच्या त्या लाकडी खणांत फोन वाजत होते. एक नाही, सगळे. भजन, सिनेमातली गाणी, साधी टिंगटिंग, कुठे लहान मुलाचं रेकॉर्ड केलेलं हसू, सगळं एकात एक. बाहेर उभं राहून आम्ही लावत होतो आणि दहा पावलांवर ते वाजत होते, आणि ज्यांचे होते ते कुणीही उचलायला येत नव्हतं. खणांत फोनचे पडदे उजळत आणि विझत होते. मीही लावला. त्या गोंधळात त्यांच्या फोनचा आवाज मला ओळखू आला. मी लगेच बंद केला. तो आवाज त्या खणातून यावा हे मला सहन झालं नाही.

माझ्या शेजारी एक तरुण बाई होती. गळ्यात कुठल्याशा ऑफिसच्या ओळखपत्राचा पट्टा, म्हणजे तीही कामावरून तशीच धावत आलेली. ती फोन बंदच करत नव्हती. वाजून थांबला की पुन्हा लावायची. “तो वरच्या ओळीतला खण, डावीकडचा, त्यांचा आहे,” ती मला म्हणाली, जणू मी विचारलं होतं. मी मान हलवली. आम्ही दोघी त्या खणाकडे बघत राहिलो.

किती वेळ गेला ते मला ठाऊक नाही. दिवसभर वेळेचंच काम करणारी मी, पण तेव्हा घड्याळ बघायची माझी हिंमत नव्हती. मग बाजूच्या छोट्या फाटकातून माणसं यायला लागली. आधी दोन, मग एक घोळका. चेहरे काजळलेले, काहींच्या नाकातोंडाला ओला रुमाल. त्यांना म्हणे कारखान्याच्या मागच्या मैदानात बसवून ठेवलं होतं, डोकी मोजल्याशिवाय सोडत नव्हते. प्रत्येक चेहऱ्याकडे बघायचं आणि तो नाही म्हणून पुढच्याकडे बघायचं. दुसऱ्याचा नवरा दिसला म्हणून राग येतो, हे मी त्या दिवशी शिकले.

ते अगदी शेवटच्या घोळक्यात आले. लॅबचा पांढरा कोट काळा झाला होता, चष्मा नव्हता, त्यामुळे मी त्यांना दिसत नव्हते. मी धावत गेले आणि त्यांच्या कोटाची बाही धरली. इतक्या वेळात मनात काय काय म्हणून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते असं.

“त्या नव्या मशीनचं घड्याळ तुम्ही फिरवलं होतं का?”

ते डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिले. “हो. चुकीचं होतं ना. का गं?”

आणि मग मी भर रस्त्यात, शंभर माणसांदेखत, त्यांच्या त्या काळ्या कोटात तोंड खुपसून रडले.

ते बिल्ला देऊन फोन घ्यायला केबिनमध्ये गेले. आता खणांत फार थोडे फोन उरले होते, त्यामुळे आवाज वेगवेगळे ऐकू येत होते. वरच्या ओळीतला डावीकडचा वाजत होता. ती बाई तिथेच उभी होती, फोन कानाशी. आम्ही तिच्या समोरून निघालो. मी तिच्याकडे बघितलं नाही. आमचं माणूस सापडलं होतं, आणि मला तिथून त्याला घेऊन पळायचं होतं. बस्स.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई दारातच होत्या. मुलाचा काळा अवतार बघून त्यांनी तोंडाला पदर लावला, पण घाबरल्या नाहीत. त्याला आंघोळीला पिटाळलं आणि स्वतः ताटं घेतली. शेजारीण बसली होती, तिला त्या सांगत होत्या, “त्यानी दुपारलेच सांगेल व्हतं, उशीर व्हई. आग लागनी ना, त्याना बादच. एक वाजाले पाच कमी व्हतात. मंग कसाले घाबरनं?”

ते ओल्या केसांनी पाटावर येऊन बसले. पहिला घास हातात घेतला आणि आईचं बोलणं ऐकून थांबले.

“दुपारी? अगं पण मी तर सका…”

मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. जरा जोरातच वाढली. “जेवा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दुसरा जुना चष्मा लावला होता, त्यामुळे आता मी त्यांना नीट दिसत होते. हुशार माणूस आहे, हिशेब करायला त्यांना वेळ लागला नाही. सकाळी पाठवलेला मेल दुपारचा का दिसला, मी गेटवर तो वेड्यासारखा प्रश्न का विचारला, आणि एकपासून संध्याकाळपर्यंत या घरात कोण काय जाणत होतं. त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. दिवसभरात पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

“काय व्हयनं?” सासूबाईंनी विचारलं. “जेव ना.”

“काही नाही आई,” ते म्हणाले. “बरोबर आहे. एकला पाच कमी होते.”

आणि ते जेवू लागले. मीही त्यांच्या समोर ताट घेऊन बसले. माझा डबा सचिनला टेबलावर तसाच उघडा राहिला होता.